न धुतलेला कॅन

"मासळी!" सम्यकनं नाक दाबलं. "वाळूजच्या शेडमध्ये मासळीचा वास? समुद्र तर राहिला तिकडं लांब!"

"हळू बोल!" विशाखानं त्याला कोपरानं ढोसलं. "आत काहीतरी बिनसलंय."

उन्हाळ्याच्या सुट्टीत पप्पांचा डबा पोचवायचं काम विशाखाकडं होतं. शेजारचा सम्यक आणि वर्गातली मेघा सोबतीला असायचेच. बजाजनगरातून निघालं की गप्पा संपायच्या आत शेड यायची. शेड मुंजाबाशेठची. कारखान्यांचे गंजलेले बोल्ट तिथं यायचे, पाणी मिसळलेल्या ॲसिडच्या टाकीत बुडायचे आणि गंज टाकून परत जायचे. दारात जमिनीवर एक पिवळी पट्टी होती. तिच्यापलीकडं मुलांनी पाऊल टाकायचं नाही, असा पप्पांचा कडक नियम होता.

आज पट्टीच्या अलीकडंही शेठचा आवाज येत होता.

"सुदर्शन, तुझ्या टाकीनं पुन्हा बोल्ट खाल्ले! आटे बघ, उंदरानं कुरतडल्यासारखे! डुलक्या घेतो का रं?"

"नाय शेठ," पप्पा म्हणाले. "डोळ्याला डोळा लागू दिला नाय."

"मग सत्यमचा माल चकाचक कसा निघतो? ॲसिड तेच, बोल्ट तेच! शनिवारपर्यंत बघतो. नायतर तू दुसरीकडं काम बघ."

सत्यम म्हणजे शेठचा भाचा, सिल्लोडकडचा. तो आपल्या टाकीपाशी उभा राहून शिट्टी वाजवत होता. पप्पांनी हात दोनदा धुतले आणि डबा घेतला. त्यांची मान खाली होती.

परतीच्या वाटेवर सम्यक फुरफुरत होता. "सत्यमदादाच लबाड! शेठचा भाचा ना! कायतरी गुपचूप टाकत असणार!"

"टाकतो का नाय ते आधी बघू," विशाखा म्हणाली. "उगाच कुणाचं नाव घ्यायचं नाही. पप्पांचं घेतलं तसं."

मेघा मघापासून काहीतरी आठवत होती. तिच्या आजोबांची शेंद्र्याकडं मेंढरं होती आणि थोडी आद्रकही. "तो वास मासळीचा नाय," ती एकदम म्हणाली. "आमच्या आद्रकीला फवारतात ना, त्या औषधाचा हाय. काळं, चिकट. समुद्रातल्या शेवाळापासून करतात."

"शेवाळ? शेंद्र्यात?"

"कॅनमधून येतं, शहाण्या!"

दुसऱ्या दिवशी विशाखा पट्टीपाशी उभी राहिली आणि तिनं भोळा चेहरा केला. "सत्यमदादा, एखादा रिकामा कॅन द्या ना. झाडांना पाणी घालायला."

"घे की!" सत्यमनं पाण्याच्या नळापासचा एक कॅन सरकवला. "आणि धू नको बरं का. तळाला औषध राहिलंय, झाड लई जोरात येईल. आमच्या आद्रकीचेच कॅन हायेत."

"मग तुम्ही टाकीसाठी पाणी यातूनच आणता? न धुता?"

"कोण धूत बसंल! पाणीच तर आणायचं. तुझे पप्पा बसतात प्रत्येक कॅन खळाळून धूत. म्हणून तर मागं पडतात!"

मेघानं कॅन हुंगला आणि विशाखाकडं बघून डोळे मोठे केले. तोच वास!

पण नुसत्या वासावर शेठ कसा विश्वास ठेवणार? मुलांनी ॲसिडला हात लावायचा नव्हता, तेव्हा सम्यकनं घरातून व्हिनेगर आणलं. काचेच्या दोन बाटल्या घेतल्या, दोन्हीत सारखेच गंजके खिळे टाकले. एकीत नुसतं व्हिनेगर. दुसरीत व्हिनेगर आणि त्या औषधाचे थोडे थेंब. बाटल्या मेघाच्या घरच्या ओसरीवर ठेवल्या.

पहिल्या बाटलीतल्या खिळ्यांवर बारीक बुडबुडे लगडले. दुसरीत जेमतेम. दोन दिवसांनी खिळे काढले, तर पहिले खरखरीत झाले होते, दुसऱ्यांचं टोक तसंच तीक्ष्ण!

"जिंकलो!" सम्यकनं उडी मारली. मग तोच थांबला. "पण औषधानं व्हिनेगरच मेलं असेल तर?"

विशाखा विचारात पडली. प्रश्न खरा होता. तिनं दुसऱ्या बाटलीतला खिळा फडक्यानं पुसला. "मेलं असतं तर गंज राहिला असता ना? बघ, गंज गेलाय. लोखंड तेवढं वाचलंय."

शेंद्र्याहून आलेले मेघाचे कडुबाआजोबा खाटेवरून ऐकत होते. "घोंगडी पांघरल्यावानी," ते म्हणाले. "पाऊस पडतो, पण आंग भिजत नाय."

शनिवारी सकाळी विशाखा तो कॅन घेऊन पट्टीपाशी गेली. "शेठ, पप्पा झोपत नाहीत. ते कॅन धुतात, म्हणून त्यांचे बोल्ट खराब होतात!"

शेठ पोट धरून हसले. "ऐका! धुणाऱ्याचं वाटोळं आन् घाणेरड्याचं भलं!"

"हसा, पण या कॅनमधलं औषध टाकून एकदा बघा!"

पप्पांनी लेकीकडं बघितलं. मग त्यांनी हातमोजे चढवले, डोळ्यांना चष्मा लावला आणि काचेच्या दोन बरण्यांत टाकीतल्याच प्रमाणात ॲसिड पाण्यात मिसळलं. एकीत त्या कॅनमधलं शेवाळाचं औषध घातलं. दोन्हीत एकेक गंजका बोल्ट सोडला. नुसत्या ॲसिडची बरणी फसफसू लागली. दुसरी शांत होती. बोल्ट बाहेर निघाले तेव्हा गंज दोन्हींचा गेला होता, पण एकाचे आटे झिजले होते आणि दुसऱ्याचे धारदार होते.

सत्यमची शिट्टी बंद झाली.

"मामा," तो कसाबसा म्हणाला, "मी तर कंटाळा म्हणून धूत नव्हतो."

शेठनं दोन्ही बोल्ट तळहातावर घेऊन उलटेपालटे केले. "सुदर्शन," ते हळूच म्हणाले, "तुझं काम नीट होतं. माझीच नजर आळशी. लेकरांच्या ध्यानात आलं ते मला सुचलं नाय. हे औषध कॉलेजातल्या सरांना दाखवू, किती घालायचं ते त्यांना विचारू. आन् लेकरांनो, तुम्हाला मानलं बुवा!"

"मोठ्या माणसानं मानलं की तो खायला देतो," सम्यक पुटपुटला. शेठनं लगेच समोरच्या टपरीवरून भजी मागवली.

घरी जाताना पप्पांनी विशाखाच्या डोक्यावर हात ठेवला.

"मग बाई, आता मी पण कॅन धुवायचा सोडू का?"

"नाही पप्पा!" विशाखा म्हणाली. "तुम्ही धुवाच. आणि मग औषध मोजून घाला."

पप्पा हसले. या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांची मान वर होती.