आलेच

स्विमिंग पूलवाल्याने फोनवर तीन गोष्टी बजावल्या होत्या. पाइप पाण्याने पूर्ण भरायचा, आतली हवा बुडबुडे होऊन निघून गेल्याशिवाय तो जोडायचा नाही. पंपाचा खटका 'बाहेर' या खुणेवर ठेवायचा, म्हणजे गाळ थेट गटारात जाईल. आणि घाई करायची नाही.

"जितकं हळू ढकलाल तितकं चांगलं, ताई. गाळ एकदा उठला की तो दिवस गेला समजा."

मी येऊन करून देतो, असंही तो म्हणाला होता. मी नको म्हटलं. मी प्रुफं तपासते. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली आहेत, त्यामुळे सूचना नीट वाचायची सवय आहे. तिन्ही गोष्टी कागदावर उतरवून तो कागद मी काठावर दगडाखाली ठेवला.

पूल म्हणजे फार काही नव्हे. नऊ मीटर लांब, चार मीटर रुंद. एका टोकाला कमरेइतकं पाणी, दुसऱ्या टोकाला डोक्यावरून. नवऱ्याच्या पाठीच्या दुखण्यावर कोणीतरी पोहणं सुचवलं, आणि या माणसाने मागचं अंगणच खणून काढलं. मी त्याला पांढरा हत्ती म्हणायचे. मला पोहता येत नाही आणि पाण्याची हौसही नाही, म्हणून हत्तीची सेवा ज्याची त्याने करायची असं पहिल्याच दिवशी ठरलं. दर रविवारी सकाळी तो लांब दांडा घेऊन काठावर उभा राहायचा. दांड्याच्या टोकाला ब्रशाचं चपटं तोंड, त्याला जोडलेला पाइप, आणि पाइपातून गाळ ओढून घेणारा पंप. "उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते या वयात कळलं," असं म्हणायचा. एक पट्टा ओढून झाला की शेवटी दांडा उजवीकडे वळवून कडेचं उचलायचा, त्यामुळे तळावर प्रत्येक स्वच्छ पट्ट्याच्या टोकाला बाक यायचा. मी खिडकीतून ओरडायचे, वेलांट्या काढू नकोस, पूल साफ कर.

एकाच कामाला त्याला दुसरं माणूस लागायचं. पाइप भरताना तो उथळ पाण्यात उतरायचा, आणि पाइपाचं एक टोक कोणीतरी काठावर धरावं लागायचं.

सात आठवड्यांपूर्वीच्या रविवारी पावणेदहाला त्याने हाक मारली, "जरा पाइप धरतेस का?"

मी म्हटलं, "आलेच."

व्याकरणात हा भूतकाळ आहे. क्रिया घडून गेलेली. प्रत्यक्षात मी खुर्चीतून हललेसुद्धा नव्हते. पान संपवून उठू म्हटलं. पानाच्या शेवटी एक वाक्य खटकलं म्हणून मागचं पान काढलं, तिथे आणखी एक. बाहेर गेले तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तो कमरेइतक्या पाण्यात भिंतीला टेकलेला होता. गाल काठाच्या फरशीवर, एक हात लांब केलेला. पाइप सुटून पाण्यावर तरंगत होता.

डॉक्टर भला माणूस. हृदय एकदम थांबलं, म्हणाले. तुम्ही धावत गेला असतात तरी काही होणार नव्हतं. मी त्यांना एकच विचारलं, त्याने माझी वाट पाहिली असेल का. ते म्हणाले, हाक मारली आणि त्याच मिनिटाला सगळं संपलं असणार. वाट बघायला त्यांना वेळच मिळाला नाही.

या एका वाक्यावर मी सात आठवडे काढले. रोज सकाळी उठले की ते वाक्य पुन्हा तपासायचे. त्यात व्याकरणाची चूक नाही. ते खरं आहे की नाही, हे मात्र मला तपासता येत नाही.

दरम्यान पूल हिरवागार झाला. पूलवाल्याने येऊन कसली तरी पावडर टाकली, आणि तिसऱ्या दिवशी पाणी आरशासारखं निवळलं. सगळी घाण तळाशी बसली, बोटभर जाड, पिठासारखी मऊ. आता फक्त ती ओढून काढायची होती. त्या रविवारी राहून गेलेलं काम हेच होतं. ते परक्या हाताने पुरं व्हायला नको, असं मला वाटलं.

मी पाण्यात उतरले नाही. काठावर पालथी पडून पाइप हातभर हातभर आत सोडत गेले. दोन माणसांचं काम एकटीने करायला पाऊण तास लागला, दोन्ही बाह्या भिजल्या, कोपर सोलवटलं. शेवटचा बुडबुडा फुटला तेव्हा साडेदहा झाले होते. पाइप जोडला. पंप सुरू केला.

उथळ टोकाच्या पायऱ्यांपासून सुरुवात केली. काठावर उभं राहून दांडा समोरच्या भिंतीपर्यंत हळूहळू ढकलायचा, मग हळूहळू मागे ओढायचा. तपकिरी गाळातून दोन विती रुंद निळा पट्टा निघाला. इतका निळा, की मी क्षणभर तशीच उभी राहिले. मग एक पाऊल सरकून दुसरा. असे तेवीस पट्टे होतील असा हिशेब मी मनाशी केला होता. पंपाची घरघर सोडली तर कुठे आवाज नव्हता. चौथा पट्टा झाला आणि पाठ ताणायला मी मान वर केली.

खोल टोकाला, भिंतीला लागून, एक निळा पट्टा होता.

तिथे पाणी आत सोडणारी तोटी आहे. तिच्या धारेने गाळ सरकला असेल, असं मी ठरवलं. धारेने सरकलेला गाळ पंख्यासारखा पसरतो, सरळ रेषेत कापला जात नाही, हे मला दिसत होतं. तरीही तसंच ठरवलं आणि पाचवा पट्टा ओढला.

आता तिकडे दोन होते.

मी काठाने चालत तिथवर गेले. दोन विती रुंदी, कडा स्वच्छ. दोन्ही पट्ट्यांच्या टोकाला वेलांटी होती. माझे पट्टे टोकाला सरळ तुटत होते. मला तो बाक काढता येत नाही, मी कधी शिकलेच नव्हते.

मला रडू फुटलं. भीती नंतर आली असेल. आधी रडूच आलं, आणि रडता रडता मी परत माझ्या जागी येऊन दांडा उचलला.

माझा एक, तिकडचा एक. पट्टा होताना मला एकदाही दिसला नाही. मी माझ्या ब्रशाकडे बघत असे तेवढ्यात तो होऊन गेलेला असे. नवव्या पट्ट्यानंतर मी मुद्दाम थांबले. दांडा काठावर टेकवला, आत जाऊन पाणी प्यायले, स्वयंपाकघरातल्या घड्याळात दहा मिनिटं मोजली. बाहेर आले तेव्हा तिकडचं काम जिथल्या तिथे होतं. माझा झाल्याशिवाय तिकडचा पुढे जात नव्हता. जे कोणी होतं ते थांबत होतं.

थांबायची त्याला सवय झाली असावी, असं मनात आलं. ते मनात यायला नको होतं.

मधे आठ पट्ट्यांची जागा उरली होती. मग सहा. मग चार. आमच्यामधला गाळ आता एका पलंगाएवढा होता.

"त्या दिवशी थांबला होतास का?" मी विचारलं. स्वतःचा आवाज मला परक्यासारखा वाटला. "किती वेळ थांबला होतास?"

पंप घरघरत राहिला.

आणि घरात फोन वाजला. तोंडातून सवयीने शब्द निघतच होता, तो मी गिळला. वाजू दे, म्हटलं. आता कोणासाठी नाही. आता याला एक मिनिटही ताटकळत ठेवायचं नाही.

मी दांडा जोरात पुढे ढकलला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्यासाठी घाई केली.

ब्रशाखालून गाळ उसळला. मी मागे ओढला तसा आणखी उसळला. बघता बघता माझे पट्टे गेले, त्याचे गेले, तळ गेला. समोर नुसतं गढूळ पाणी उरलं, आणि त्यात बुडालेला माझा दांडा.

पूलवाला फोनवर हसला. "पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं, ताई. पंप बंद करा आणि आता हात लावू नका. उद्या सकाळपर्यंत बसू दे."

दुपारचा फोन मुलीचा होता. संध्याकाळी तिने पुन्हा केला. पट्ट्यांबद्दल मी काही बोलले नाही. पाइप एकटीने भरला एवढंच सांगितलं, तरी तिला माझ्या आवाजावरून कळलं.

"आई, पुन्हा तेच घेऊन बसलीस? डॉक्टरांनी सांगितलंय ना. बाबांना वाट बघायला वेळच मिळाला नाही."

"हो," मी म्हटलं.

"मग झालं तर."

"हो. झालं."

सकाळी ऊन आल्यावर मी बाहेर गेले. पाणी निवळलं होतं. तळावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखा गाळ, जणू कोणी कधी हातच लावला नव्हता. खोल टोकाला मी दोनदा जाऊन आले. एकही वेलांटी उरली नव्हती. गेलं, माझ्याच घाईने गेलं, एवढंच डोक्यात होतं.

मग उथळ टोकाकडे आले.

भिंतीला लागून, तो सापडला होता त्या जागी, गाळात दोन पावलं होती. उघडी, मोठी. बोटं भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे.

तिथवर येणारी पावलं नव्हती. जाणारीही नव्हती.

एकच जोड असती तर मी काहीतरी कारण शोधलं असतं. पण ठसे एकावर एक होते. जरा पुढे, जरा मागे, पुन्हा जवळ. माणूस फार वेळ उभा राहिला की कधी या पायावर भार देतो, कधी त्या पायावर, तसे. तुडवून तुडवून तेवढ्या जागेतला गाळ पार झिजला होता आणि खालची निळी फरशी दिसत होती.

एका मिनिटात असं होत नाही. पंचवीस मिनिटांतही होत नाही.

मी गुडघ्यांवर बसले. पंप बंद होता. वारा नव्हता, पाण्यावर साधी सुरकुतीही नव्हती.

मी बघत असतानाच डाव्या टाचेखालचा गाळ अलगद उचलला गेला आणि थोडा पुढे जाऊन बसला.