भुलीच्या आत

उपाशी कधीपासून आहात, कवळी आहे का, अंगावर काही दागिना राहिला आहे का, असे नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर नर्सने त्याच सुरात आणखी एक प्रश्न विचारला. जागल्याची चाचणी झाली आहे का? कुंदाताई माळवदे नाही म्हणाल्या. शेजारी बसलेल्या आभाने आईचा हात हातात घेतला, तर तो गार पडला होता.

जागल्या हे त्या यंत्राचं कागदोपत्री नाव नव्हतं. कपाळाला चिकटवायची ती पातळ पट्टी मेंदूतले तरंग टिपायची आणि माणसाची शुद्ध आहे की गेली, हे सांगायची. गावाची राखण करत जागणाऱ्या जागल्याचं नाव तिला कुणीतरी दिलं आणि तेच रूढ झालं. या पट्टीने भुलीबद्दलची एक जुनी समजूत मोडली. भूल म्हणजे गाढ झोप, असं सगळे धरून चालले होते. पण भुलीची औषधं वेगवेगळी कामं करतात. एकाने शुद्ध जाते, एकाने वेदना दबते, एकाने स्नायू लुळे पडतात, आणि त्या वेळची आठवण मेंदूत साठत नाही. हजारांत एखादा माणूस असा निघू लागला, की ज्याचे स्नायू लुळे पडत, आठवण पुसली जाई, पण शुद्ध मात्र जात नसे. टेबलावर तो जागा असे. बोटही हलवू शकत नसे. आणि नंतर उठून, छान झोप लागली होती म्हणून सांगत असे.

कुंदाताई सांगलीत पालिकेच्या तलावावर मुलींना पोहायला शिकवत. बुडणाऱ्या कितीतरी जणींना त्यांनी वर ओढून काढलं होतं. त्यांना पाण्याची भीती नव्हती, भुलीची होती. हृदयातून निघणारी मोठी रोहिणी छातीत फुग्यासारखी फुगली आहे आणि ती कधीही फुटेल, हे कळूनही त्यांनी शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकलली होती. खरा बुडणारा माणूस हाका मारत नाही, गप्प असतो, एवढंच त्या आभाला कारण म्हणून सांगत.

चाचणीच्या वेळी भूलतज्ज्ञ डॉक्टर तांबोळींनी आभाला आत थांबू दिलं. कुंदाताईंच्या उजव्या दंडाला त्यांनी एक रुंद पट्टा बांधला. तो रक्त जाऊ देई, पण स्नायू लुळे करणारं औषध गाळून घेई, त्यामुळे तेवढा एक हात मोकळा राही. मग त्यांनी थोड्या वेळापुरती पूर्ण भूल दिली. कुंदाताईंचे डोळे मिटले, चेहरा सैल पडला. कपाळावर चिकटवलेल्या जागल्याच्या पडद्यावरची शुद्धीची रेघ मात्र खाली आली नाही. डॉक्टर कानाशी वाकून म्हणाले, "कुंदाताई, ऐकू येत असेल तर आभाचा हात दाबा."

हात दाबला गेला. इतका जोरात, की आभाच्या अंगठीचा वळ तिच्याच बोटावर उठला.

जाग आल्यावर कुंदाताईंनी पाणी मागितलं आणि त्या म्हणाल्या, उगाच घाबरत होते, काही कळलंसुद्धा नाही. आभाला तिथे उभं राहवेना. ती बाहेर जाऊन जिन्यात बसली.

डॉक्टरांनी काहीच लपवलं नाही. शुद्ध घालवणारं औषध वाढवावं, तर रोहिणीच्या त्या अवस्थेत रक्तदाब कोसळेल. वेदनेच्या औषधालाही तीच मर्यादा. तेवढ्यावर बरीचशी वेदना दबेल, सगळी नाही. छाती उघडायची म्हणजे फक्त ती जागा बधिर करून भागणार नव्हतं. शस्त्रक्रिया टाळली तर फार दिवस उरले नव्हते. मात्र उठल्यावर कुंदाताईंना यातलं काहीही आठवणार नाही, याची खात्री त्यांनी दिली.

"आठवणार नाही म्हणजे झालंच नाही, असं कसं डॉक्टर?" कुंदाताई म्हणाल्या. "तुम्ही माझी समजूत घालताय. पण ते सोसणारी आत असेल ना. तिला कोण सांगणार, की थोडा वेळ कळ काढ म्हणून?"

त्या घरी निघून आल्या. आभाने विनवण्या केल्या, भांडण केलं, शेवटी अबोला धरला. कुंदाताई ओट्याशी उभ्या राहून भाजी चिरत आणि मध्येच सुरी ठेवून छातीवर हात धरत. एकदा त्यांनी आभाला विचारलं, की तुझा हात किती जोरात दाबला होता मी? चौथ्या दिवशी सकाळी तलावावर मुलींना सूचना देतादेता त्या काठावरच कोसळल्या. पाठीत कुणी फाडतंय असं वाटलं, एवढंच त्या रुग्णवाहिकेत बोलल्या. रोहिणीचा आतला थर चिरला होता.

तांबोळींनी तोच पट्टा पुन्हा दंडाला बांधला. कुंदाताईंनी आभाला जवळ बोलावलं. त्यांना बोलताना धाप लागत होती. तू आत बस, हात सोडू नकोस आणि नंतर मला खरं सांग, असं त्या म्हणाल्या. आभाने मान डोलावली.

हिरव्या कापडाच्या पडद्याआड शल्यचिकित्सकांचं काम सुरू झालं. आभाला दिसत होता तो फक्त आईचा शांत चेहरा आणि आपल्या हातातला तिचा हात. करवतीचा आवाज आला तेव्हा तो हात ताठ झाला. आभाने कानाशी तोंड नेलं. मी आहे, म्हणाली. एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाही, असं ठरवून घेतलं. दुखतंय का? एकदा. फार? एकदा. तांबोळी रक्तदाबाकडे बघत औषध थेंबाथेंबाने वाढवत होते, पुन्हा कमी करत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. एकदा आकडा इतका घसरला, की त्यांना औषध पूर्ण थांबवावं लागलं.

आभा बोलत राहिली. तलावाबद्दल, मुलींबद्दल, सुचेल ते. पण हात ताठच राहिला. आईच्या बंद पापण्यांच्या कडेने पाणी ओघळत होतं. तिथे आभाचा धीर सुटला आणि विचारू नये ते तिने विचारलं.

"आई, थांबवायला सांगू का?"

त्या क्षणी थांबवणं म्हणजे आई संपणं, हे आभाला माहीत होतं. कदाचित आईलाही. हात क्षणभर सैल पडला. मग एकदा दाबला गेला. तिने वाट पाहिली. दुसरा दाब आला नाही. पुन्हा विचारायची तिची हिंमत झाली नाही. हाताने मात्र पुन्हा तेच सांगितलं, एकदा, थांबून परत एकदा, जणू तिला समजलं नसावं म्हणून.

तांबोळींनी विचारलं, "काही सांगतायत का त्या?"

"नाही," आभा म्हणाली.

नंतर तिने काही विचारलं नाही. दोन्ही हातांनी तो हात घट्ट धरून ठेवला. काम संपण्याच्या कितीतरी आधी त्याने दाबणं सोडून दिलं होतं.

कुंदाताई शुद्धीवर आल्या, दोन दिवसांनी घशातली नळी निघाली. रोहिणीचा नवा तुकडा उत्तम बसला होता. त्यांनी खिडकीचा पडदा सरकवायला सांगितला, चहाची चौकशी केली. चेहऱ्यावर रंग परतला होता. मग त्यांनी विचारलं, आत काय झालं? आभाने शब्द दिला होता. तिने सगळं सांगितलं, शेवटचा प्रश्न आणि त्याचं उत्तरही.

कुंदाताईंना यातलं काहीही आठवत नव्हतं. दुसऱ्या कुणाची तरी हकिगत ऐकावी, तसं त्यांनी ऐकलं होतं.

"बरं केलंस," त्या हळूच म्हणाल्या. "माझी तक्रार नाही. मनाला लावून घेऊ नकोस."

आभाने मान हलवली, पण तिला हलकं वाटलं नाही. हे बोलणारी आई जगली होती. जिने थांबव म्हणून सांगितलं, ती टेबलावरच पुसली गेली होती. तिच्या वतीने माफ करण्याचा अधिकार या आईला होता का?