तोफेच्या कानातलं कुंकू

मी लोणच्यासाठी बरण्या आणायला गेले होते आणि तोफ घेऊन परत आले. यावर आई मुरुडहून फोनवर काय काय बोलली, ते इथे लिहीत नाही. मुलगी लग्नाचं सोडून भलतंच काहीतरी घरात आणते, असा एकूण सूर होता. बिचारीला काय माहीत, दोन्ही एकाच फेरीत आलं होतं!

मार्चमधला शनिवार. न्यूझीलंडमधल्या आमच्या पामर्स्टन नॉर्थचा वारा नेहमीसारखा ओढणी खेचत होता. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या ग्रॅहमने छोट्या घरात जायचं ठरवलं होतं, म्हणून गराज सेल मांडला होता. मी काचेच्या बरण्या शोधत होते. तेवढ्यात कोपऱ्यातली ताडपत्री उडाली आणि खालून एक काळं, गोल, ओळखीचं तोंड बाहेर आलं.

"अगंबाई!" मी मोठ्याने म्हणाले.

जंजिऱ्याच्या तोफांवर बसून मी लहानाची मोठी झाले. गाइड मंडळी दारू कशी ठासायची, बत्ती कशी द्यायची, ते नेहमी माझ्या भावाला सांगायची. मला सांगायची, "बाळ, उतर खाली." तो राग माझ्या मनात वीस वर्षं होता. मी पुढे होऊन तोफेच्या नळीवर हात ठेवला... आणि त्याच क्षणी पलीकडून आणखी एक हात येऊन तिथेच टेकला. लांब बोटं, अंगठ्यावर काळा डाग.

"तुम्ही मराठी?" हाताचा मालक म्हणाला. उंच, वाऱ्याने केस विस्कटलेले, डोळ्यांत हसू. "हे काय आहे माहितीये ना?"

"कुंडी नाही, एवढं कळतं."

"रेप्लिका आहे. जुन्या जहाजावरच्या तोफेची, निम्म्या आकाराची. पण खरी उडते. मी वेलिंग्टनहून दोन तास ड्राइव्ह करून हिच्यासाठी आलोय."

"मी दोन मिनिटं चालत आले," मी म्हणाले. "म्हणून आधी पोचले."

ग्रॅहम खुर्चीतच खदखदून हसला. "शी वॉज फर्स्ट, मेट!"

त्याने हात काढून घेतला, पण नजर काढली नाही. "ठीक आहे. तोफ तुमची. पण ती उडवायला शिकवणारं कोणीतरी लागेल... मी धैर्यशील. ग्रॅहमच्या तोफांच्या क्लबात परीक्षक आहे. क्लबातले म्हातारे मला डेअरी म्हणतात, कारण धैर्य कोणाला म्हणता येत नाही."

"मी ऋग्वेदा. हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. मला लोक काय म्हणत असतील, विचार करा."

तर अशी सुरुवात झाली. तोफ दारात आली म्हणजे लगेच उडवता येते, असं मला वाटलं होतं. धैर्यशीलने पहिल्याच शनिवारी माझे डोळे उघडले. आधी पोलिसांकडून हत्यारांचं लायसन्स, त्यासाठी कोर्स, त्यासाठी परीक्षा. मग एक बाई घरी येऊन मुलाखत घेऊन गेल्या. दारू ठेवायची तर तिचे नियम वेगळे. ती मी क्लबकडेच राहू दिली. तोफेला साखळी आणि कुलूप. उडवायला ॲशहर्स्टजवळ ग्रॅहमच्या मुलीचं शेत, आणि प्रत्येक वेळी शेजारच्या शेतांना आधी निरोप.

"आणि गोळा?" मी विचारलं होतं.

"गोळा नाही. फक्त सलामी. तुला कोणावर गोळा टाकायचाय?"

"यादी आहे," मी म्हणाले. तो हसला आणि आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आलो ते कळलंच नाही.

क्लबाचा नियम तीन सह्यांचा. पहिली सही कोरड्या कवायतीची, म्हणजे दारूशिवाय सगळ्या हालचाली. दुसरी लहान बाराची. तिसरी पूर्ण सलामीची, लोकांसमोर. तिन्ही बिनचूक झाल्या की तोफ आपल्या हाताखाली उडवायची मुभा. मी औषधाची प्रत्येक बाटली तीनदा तपासणारी बाई. मला हे सगळं मनापासून आवडलं. आधी ओला बोळा, म्हणजे आत ठिणगी उरत नाही. मग कोरडा. मग कागदात बांधलेली दारू, बाजूला उभं राहून, दांड्याने हळू सरकवायची. तेवढा वेळ दुसऱ्याने तोफेच्या मागच्या छिद्रावर, म्हणजे कानावर, अंगठा दाबून धरायचा. मग कानातून तार घालून आतला कागद टोचायचा, चिमूटभर दारू वर टाकायची, आणि लांब काठीवरच्या वातीने बत्ती.

हाका इंग्रजीत होत्या. मी त्या मराठीत केल्या. "कान बंद!" अशी मी पहिल्यांदा आरोळी दिली, तेव्हा धैर्यशीलने खरंच स्वतःचे कान झाकले.

"तोफेचा रे!"

"तू ओरडलीस की दोघांचेही बंद केलेले बरे."

दर शनिवारी तो यायचा. थर्मासमध्ये चहा मी आणायची, दुकानातले मटण भरलेले पफ तो. टेकड्यांवरच्या पवनचक्क्या फिरत असायच्या, मेंढ्या आमच्याकडे बघत असायच्या. बोळा देताना बोटं बोटांना लागायची आणि दोघंही उगाच तोफेकडे बघायचो. कोरड्या कवायतीत मी लागोपाठ दोन शनिवार "कान बंद"ची हाक द्यायला विसरले. त्याने दोन्ही वेळा वहीत लिहिलं, 'पुन्हा'. तिसऱ्या खेपेला सही झाली. पुढे लहान बाराचीही झाली.

राहिली तिसरी. ती दसऱ्याला करायचं ठरलं, आणि तिथे मोरेश्वरकाका मधे आले. काका आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. माणूस मनाने चांगला, पण त्यांना वाटतं मंडळ म्हणजे त्यांचं घर आणि आम्ही सगळे त्यातली भांडी.

"दसऱ्याला तोफ! फर्स्टक्लास कल्पना," काका म्हणाले. "तू शस्त्रपूजा कर. बत्ती आपल्या मंडळातल्या नितीशला देऊ दे. पुरुषमाणूस बरा दिसतो."

"काका, नितीशकडे लायसन्स आहे?"

"आहे की! गाडीचं."

बत्ती मीच देणार, हे मी काकांना तिथेच सांगून टाकलं. म्हणजे आता त्या दिवशी चूक झाली, तर माझं जन्मभराचं "बाळ, उतर खाली" पक्कं होणार होतं. सही मला हवीच होती. फक्त एक गोष्ट मनात टोचत होती... तिसरी सही झाली की शिकवणी संपणार होती, आणि शिकवणी संपली की शनिवारही.

दसरा खरा गुरुवारी होता, पण इथे सगळे सण शनिवारीच येतात. शेतात मंडप, जिलबीचा वास, पन्नासएक माणसं पांढऱ्या दोरीच्या पलीकडे. आपट्याची पानं इथे कुठली? आम्ही इथल्या कावाकावा झुडपाची पानं सोनं म्हणून वाटतो. बदामाच्या आकाराची, अळ्यांनी भोकं पाडलेली. जितकी भोकं जास्त तितकं पान चांगलं, असं इथली जुनी माणसं सांगतात.

रिकाम्या तोफेची मी पूजा केली. हळद, कुंकू, झेंडूचा हार. कुंकू पाण्यात कालवलं होतं. ते कुठे लावायचं, असा प्रश्न पडला. तोफेचं कपाळ कुठे असतं? कानाच्या भोवती गोल, ठसठशीत टिळा लावला. छान दिसत होता.

आणि मग मी ती चूक केली. तोफ भरायच्या आधी कान स्वच्छ पुसायचा, हे मला झोपेतही पाठ. पण आत्ताच लावलेलं कुंकू लगेच पुसायला हात धजेना. काकांच्या सौ., आमच्या काकू, समोर हात जोडून उभ्या. मी कडेने नुसतं फडकं फिरवलं. बोळे झाले, दारू आत सरकवली, तार कानात घातली, वर काढली... टोक ओलसर लाल. मी ते पाहिलं. आणि मनात म्हटलं, शुभच आहे.

"तयार?" धैर्यशीलने विचारलं. तो चाकाच्या पलीकडे उभा होता.

"तयार!"

मी बत्ती दिली. कानावरची दारू फुस्स करून जळली, निळा धूर निघाला, आणि पुढे काहीच झालं नाही.

मग काकांनी दोरीवरून पाय टाकला. "विझली वाटतं. थांब, मी बघतो—"

"मिसफायर!" मी ओरडले. "कोणी हलायचं नाही! काका, मागे!"

वडीलधाऱ्या माणसाशी मी आयुष्यात अशी बोलले नव्हते. काकांचा पाय हवेतच राहिला.

"अगं, प्रमुख पाहुण्या बाईंना पाचला निघायचंय!"

"त्यांना जिलबी द्या. निघायचं तर निघू देत. तीस मिनिटं तोफेजवळ कोणीही जाणार नाही. मीसुद्धा."

काकांनी पाय मागे घेतला. मी वळले. क्लबाच्या नियमाप्रमाणे बत्ती देणारा आणि परीक्षक, दोघांनी मागे बाजूला रोवलेल्या खुंट्यांपाशी उभं राहायचं, तोफेवर नजर ठेवून. आम्ही उभे राहिलो. शेजारी शेजारी, तीस मिनिटं, एकमेकांकडे न बघता.

"कशाने झालं असेल?" त्याने हळूच विचारलं.

"कुंकवाने. ओलं होतं, कानात उतरलं." मी सगळं सांगितलं. "तार लाल निघाली, मी बघितलं, तरी थांबले नाही. चूक माझी आहे. लिही वहीत."

तो तोफेकडे बघतच म्हणाला, "सांगितलं नसतंस तर मला कळलंही नसतं."

"तोफेला कळलं ना."

त्याच्या श्वासात हसू ऐकू आलं. वारा सुटला होता. आता एवढं खरं बोललेच आहे तर पुढचंही बोलून टाकावं, असं मला वाटलं. मी बाई आहे, भित्री नाही.

"अजून एक कबुली आहे. कोरड्या कवायतीत 'कान बंद' म्हणायला मी विसरले नव्हते."

"...दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. मला अख्खं औषधांचं कपाट पाठ आहे, दोन शब्द विसरेन?"

"मग का?"

"सही झाली असती. दोन शनिवार कमी झाले असते."

पवनचक्की एकदा फिरली, दोनदा फिरली. माझे कान गरम झाले. मग तो अगदी सरळ आवाजात म्हणाला, "क्लबाची शिकवणी महिन्यातून एकदाच असते."

मी गर्रकन मान वळवली.

"नजर तोफेवर!"

"पण तू तर दर शनिवारी—"

"हो."

"वेलिंग्टनहून? दोन तास?"

"वारा असला की सव्वादोन."

मला इतकं हसू आलं, इतकं आवडलं, की तोफेकडे बघणं जड जायला लागलं. "म्हणजे काय, धैर्यशील?"

त्याने तोंड उघडलं, आणि दोरीपलीकडून काका ओरडले, "झाली का तीस मिनिटं?"

"अजून अकरा!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

"आणि ही अकरा मिनिटं मी तुझा परीक्षक आहे," तो म्हणाला. "उत्तर नंतर."

ती अकरा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. मग कानात पाणी ओतलं, भिजलेली दारू आकड्याच्या दांड्याने बाहेर काढली, तोफ धुऊन कोरडी केली. मी सगळ्यांदेखत कानाभोवतीचं कुंकू स्वच्छ पुसलं. काकू "अगं अगं" करायला लागल्या, तसं चाकाला कुंकवाचं नवं बोट लावलं आणि त्यांच्याकडे बघून हसले. त्याही हसल्या. नवी दारू, नवी तार. टोक कोरडं. पुन्हा एकदा पाहिलं, कोरडंच.

"कान बंद!" माझी आरोळी पार मेंढ्यांपर्यंत गेली.

बत्ती दिली, आणि तोफ बोलली. छातीत धक्का बसला, पांढरा धूर शेतभर पसरला, पोरं किंचाळली, माणसं टाळ्या वाजवायला लागली. काका शेजाऱ्याला सांगत होते, "आमच्या मंडळाची तोफ!" पाहुण्या बाई पाच वाजून गेले तरी तिथेच होत्या. आणि मला मुरुडचा तो गाइड आठवला. त्याला हे दाखवायला हवं होतं.

धूर विरल्यावर मी वही घेऊन धैर्यशीलसमोर उभी राहिले. त्याने पेन उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेन बंद केलं.

"मी सही करू शकत नाही."

"माहितीये. पहिला बार चुकला."

"त्यासाठी नाही." त्याने वही ग्रॅहमच्या हातात दिली. "आता तुझी परीक्षा ग्रॅहम घेणार. क्लबाचा नियम आहे, परीक्षक उमेदवाराच्या घरचा माणूस नसावा."

"पण तू कुठे माझ्या घरचा..." मी म्हणाले.

"अजून नाहीये." त्याने खिशातून कावाकावाचं एक पान काढलं. भोकंच भोकं होती. "पण मला व्हायचंय. म्हणून आधी विचारतोय. सोनं घे, ऋग्वेदा."

ग्रॅहमने चष्मा वर करून वही वाचली. "नेक्स्ट मंथ, लव्ह. नो पेंट," तो मला म्हणाला आणि जिलबीकडे चालता झाला. तिसरी सही महिनाभर लांबली. मला त्याचं काहीच वाटलं नाही, आणि हे मी मोठ्याने कबूल करते.

मी दोन्ही हातांनी ते पान घेतलं. त्याचा हातही त्याबरोबर आला. तो मी परत दिला नाही.

"पुढच्या शनिवारी ये," मी म्हणाले. "तोफ नाही, परीक्षा नाही. लिंबाचं लोणचं घालायचंय, आणि बरण्या आणायच्या मार्चपासून राहिल्यात."

"किती आणायच्या?"

"दोघांना वर्षभर पुरेल इतक्या," मी म्हणाले.