पिवळ्या पिशवीला नीट वाढा

हॉटेलचं पुढचं दार बंद दिसलं म्हणून ती मागच्या गल्लीत वळली आणि वळणावरच एका तरुणावर धडकली. त्याच्या काखेत कापडात गुंडाळलेल्या पंधरा-वीस सुऱ्या होत्या. कापड जाड होतं म्हणून बरं, नाहीतर ही प्रेमकथा दवाखान्यातच सुरू झाली असती.

“लागलं का?” त्यानं विचारलं.

“मला नाही. तुमच्या सुऱ्यांना?”

“त्यांना सवय आहे,” तो हसला. “हॉटेल साडेबाराला उघडतं. भूक लागलीय, की काही काम आहे?”

“दोन्ही,” ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

कारण काम गुपित होतं. सहा वर्षांनी ती आपल्या गावी परतली होती आणि इथल्या वर्तमानपत्रानं तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. गावातल्या सर्वांत चांगल्या पाच हॉटेलांची यादी करायची. यादी जमली तर नोकरी पक्की, नाही तर पुन्हा सामान बांधून परगावी. संपादकबाईंचे नियम दोनच. आपण कोण ते कळू द्यायचं नाही, आणि एका ठिकाणी तीनदा जेवल्याशिवाय त्याला नंबर द्यायचा नाही.

तो गावातल्या झाडून सगळ्या हॉटेलांच्या सुऱ्यांना धार लावायचा. सगळे त्याला धारवालाच म्हणत. त्यानंतर तो तिला रोज कुठल्या ना कुठल्या गल्लीत दिसू लागला. (ती मुद्दाम मागच्या गल्लीनं जायची, हे तिनं स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.)

“रोज बाहेर जेवता?” एकदा त्यानं विचारलं.

“घरी कोणी नाही. आणि एकटीनं जेवायचं म्हणजे... घास नुसता फिरतो तोंडात.”

तो तिच्या खांद्यावरच्या पिवळ्या पिशवीकडे बघत राहिला.

मग मात्र कमाल झाली. जाईल तिथे गरमागरम वाढलं जाई, खिडकीजवळची जागा मिळे, वर आग्रहही होई. पहिल्या सहाच्या सहा हॉटेलांना तिनं पैकीच्या पैकी गुण दिले. आपलं गाव म्हणजे गाव, म्हणून तिची कॉलर ताठ झाली होती.

सातव्या हॉटेलात आचारी स्वतः बाहेर आला. “पोटभर जेवा हं, ताई. धारवाल्यानं बजावलंय सगळ्यांना, पिवळ्या पिशवीला नीट वाढा म्हणून.”

तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. “सगळ्यांना?”

“एकूण एक!”

ती तरातरा त्याच्या दुकानात गेली. एक खोली, धारेचं चाक, कोपऱ्यात स्टोव्ह. तो अंडं परतत होता.

“माझी नोकरी घालवलीत तुम्ही!” आणि तिनं सगळं भडाभडा सांगून टाकलं.

त्याचा चेहरा उतरला. “मला यादीबिदी काय माहीत? तुम्ही म्हणालात, घास फिरतो. वाटलं, मी समोर बसू शकत नाही, निदान... वाढणाऱ्यानं तरी प्रेमानं वाढावं.”

आता यावर माणसानं रागवायचं तरी कसं! ती धपकन स्टुलावर बसली. त्यानं अंडं-पाव तिच्यापुढे सरकवला. अंड्याची कड करपली होती. रागात भूक जरा जास्तच लागते, तिनं सगळं संपवलं आणि मगच तिच्या लक्षात आलं, की तो उपाशीच आहे.

“उद्या चार वाजता या,” तो म्हणाला. “मागच्या दारानं. गिऱ्हाइकाला कोणीही चांगलं वाढतं. चारला सगळ्या स्वयंपाकघरांतली माणसं आपापसांत जेवतात. तेव्हा काय वाढतात ते बघा.”

एका पातेल्यातलं सगळ्यांना, त्यामुळे तिथे पिवळ्या पिशवीची डाळ शिजत नव्हती. दोघं पालथ्या खोक्यांवर बसून जेवत. कुठे नोकरांच्या ताटात कालचं उरलेलं पडे. कुठे मुख्य आचारी आधी भांडी घासणाऱ्या मावशींना वाढून मग स्वतः घेई. त्या आचाऱ्याचं हॉटेल यादीत पहिलं आलं. महिनाभर फिरून तिनं प्रत्येक ठिकाणच्या तीन फेऱ्या पुऱ्या केल्या. या फिरण्यात ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. मध्येच एका संध्याकाळी त्यानं दुकानात तिच्यासाठी सूप केलं. मीठ दोनदा पडलं होतं. तिनं ब्रही काढला नाही.

यादी छापून आली. “अशी यादी आजवर कुणी केली नाही,” संपादकबाई म्हणाल्या. नोकरी पक्की झाली.

संध्याकाळी ती अंक घेऊन दुकानात आली तेव्हा त्यानं बटाटे परतायला टाकले होते. हात पुसून त्यानं यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

“छान आहे.” त्यानं अंकाची नीट घडी घातली. “आता... मागच्या गल्लीत तुझं काम संपलं म्हणायचं.”

तिनं ताट ओढलं. बटाटे चांगले झाले होते, अगदी खरोखर. मग तिनं वही उघडून त्याच्यापुढे धरली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं – धारवाल्याचं दुकान. टेबल एक, स्टुलं दोन. खाली तीन तारखा. करपलेलं अंडं. खारट सूप. आजचे बटाटे.

“तीनदा जेवले,” ती म्हणाली. “आता नंबर देता येतो. पहिला.”

तो वहीकडे बघतच राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “मग यादीत का नाही घातलंस?”

“छापलं असतं तर उद्यापासून दाराशी रांग लागली असती.” तिनं त्याच्या ताटातला एक बटाटा उचलला. “आणि दुसरं स्टूल मला कुणालाही द्यायचं नाही.”

स्टोव्ह बंद करायला हवा होता. बराच वेळ दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.