रिकामी तक्रार

ही गोष्ट खरी आहे. कुठे वाचलेली नाही, कोणाच्या मित्राच्या मित्राची नाही. माझ्या चुलत बहिणीची आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, माझं काही म्हणणं नाही.

वेळ मंगळवार दुपारची, पावणेतीनची. ऑफिसात चाळीस माणसं, सगळे दिवे चालू, शेजारच्या टेबलावर कोणीतरी डबा संपवून ढेकर देतंय.

भुताला अंधारच लागतो, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

या बहिणीला घरात सगळे अक्का म्हणतात. जीभ तिखट, पण कामाला वाघ. एका मोठ्या ॲपच्या तक्रार विभागात होती. तिथे लोक एकमेकांना काय वाट्टेल ते बोलतात, ते मी सांगायला नको. ज्याला त्रास होतो तो तक्रार करतो. लेखी तक्रारीत पर्याय ठरलेले असतात. धमकी, शिवीगाळ, घाणेरडे फोटो. ज्याचं दुखणं त्यात बसत नाही, किंवा ज्याला लिहिता येत नाही, त्यानं आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. त्या आवाजी तक्रारी अक्काकडे यायच्या.

दिवसाला चारशे.

एवढ्या लोकांचं पूर्ण ऐकत बसलं तर दिवस पुरायचा नाही. म्हणून अक्कानं एक युक्ती काढली. पाच सेकंद ऐकायचं. आवाज आला नाही, की ‘रिकामी’ हे बटण दाबून मोकळं व्हायचं. खिशातल्या खिशात रेकॉर्डिंग सुरू होतं, पोरंसोरं फोनशी खेळतात, अशा रिकाम्या तक्रारी खरंच ढिगानं यायच्या. युक्ती लागू पडली. साहेबांनी पाठ थोपटली आणि अख्ख्या मजल्याला ती शिकवायला लावली. अक्का महिनाभर हवेत होती. घरी आम्हालाही दहा वेळा ऐकवून झालं.

आणि मग त्या मंगळवारच्या आदल्या शुक्रवारी तिला एका बाईंचा फोन जोडून दिला.

बाईंची मुलगी तीन आठवड्यांपूर्वी गेली होती. एकोणीस वर्षांची. कशी गेली ते बाईंनी सांगितलं नाही, अक्कानंही विचारलं नाही.

“कागदाची फुलं करायला शिकवायची ती तुमच्या ॲपवर,” बाई म्हणाल्या. “पोरांनी फार छळलं हो तिला. मी रोज म्हणायचे, कोणाला तरी सांग. ती म्हणायची, सांगितलंय. मला काही खरं वाटायचं नाही. एवढंच सांगा ताई, केली होती का तिनं तक्रार?”

अक्कानं नोंद उघडली. अकरा तक्रारी. अकराही रिकाम्या.

अकराही तक्रारींवर बंद करणारीचं नाव एकच होतं. अक्काचं.

“नाही हो,” अक्का म्हणाली. “अशी काही तक्रार आलेली नाही.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “म्हणजे माझ्याशी खोटंच बोलली.”

अक्कानं फोन ठेवला. चहा प्यायली. रिकाम्या त्या रिकाम्याच ना, असं स्वतःला समजावलं आणि कामाला लागली.

आता मंगळवार.

पावणेतीनला एक तक्रार आली. एक, दोन, तीन, चार, पाच... काही नाही. रिकामी.

पुढची. पाच सेकंद... काही नाही. रिकामी.

पुढची... रिकामी.

चौथ्या वेळी अक्काची नजर खात्याच्या नावावर गेली.

कागदाची फुलं.

ते खातं तर बंद झालं होतं. आईनंच अर्ज देऊन बंद करवलं होतं. अक्कानं तांत्रिक विभागातल्या माणसाला बोलावलं. त्यानं तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

“बंद खात्यावरून तक्रार येऊच शकत नाही, मॅडम. आणि इथे तर काहीच दिसत नाहीये. जेवलात का तुम्ही?”

तो हसत निघून गेला. अक्काच्या स्क्रीनवर मात्र ती तक्रार तशीच होती.

तिनं काही दाबलं नाही. तरी हेडफोनमध्ये ती सुरू झाली.

पाच सेकंद गेले...

सहा... सात... आठ...

कोणीतरी श्वास घेत होतं. अगदी जवळ.

“आ...”

अक्काचं बोट बटणावर होतं. ते हलेना.

“आ... आ... आईला सांगा...”

मुलीचा आवाज. एकेक अक्षर ओढून आणल्यासारखं.

“मी... सां... सांगितलं होतं.”

मग ती आणखी काहीतरी बोलली. आणि आवाज बंद झाला. तक्रारही दिसेनाशी झाली.

अक्कानं जुन्या अकरा तक्रारी काढल्या. प्रत्येकीची लांबी बाजूला लिहिलेली होती. दोन मिनिटं. तीन मिनिटं. एक तर साडेचार. ही लांबी आमच्यात कोणी बघतच नाही, असं ती मला म्हणाली.

ती मुलगी अडखळत बोलायची. पहिला शब्द सुटायलाच तिला सात-आठ सेकंद लागायचे.

अक्कानं अकराही ऐकल्या, अगदी शेवटपर्यंत. “ते मा... माझ्यासारखं बोलून दाखवतात. त्याचे व्हिडिओ करतात. हजारो लोक ह... हसलेत. प्लीज, तेवढे काढा.” अकराव्या तक्रारीच्या शेवटी तिनं म्हटलं होतं, “थ... थँक्यू. ऐकून घेतलंत.”

अक्का प्रसाधनगृहात जाऊन रडली. मग जिन्यात उभी राहून तिनं त्या बाईंना फोन लावला.

बाईंनी उचलला. “हॅलो?”

अक्काच्या तोंडून शब्दच फुटेना. पाच सेकंद गेले, दहा गेले. कोणीही फोन ठेवून दिला असता.

“घाई नाही, बाळा,” पलीकडून बाई सवयीनं म्हणाल्या. “बोल सावकाश. मी ऐकतेय.”

मग भानावर येऊन त्यांनी विचारलं, “कोण बोलतंय?”

अक्कानं सगळं सांगितलं. स्वतःचं नाव सांगितलं, बटणाचं सांगितलं, शुक्रवारचं खोटं सांगितलं.

“अकरा वेळा?” बाईंनी विचारलं.

“अकरा वेळा.”

“म्हणजे माझी पोर खरं बोलत होती.” त्यांनी फोन ठेवला.

अक्कानं ती नोकरी सोडली. ती बारावी तक्रार कुठल्याच नोंदीत सापडली नाही. तिच्यातलं शेवटचं वाक्य काय होतं, ते अक्का कोणाला सांगत नाही.

फक्त परवा माझ्या घरी आली होती तेव्हा तिनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि मला विचारलं, “त्या पोरीच्या नकलेचा व्हिडिओ तू कधी पाहिला होतास का रे?”

मी नाही म्हणालो.

पाहिला होता. हसलोही होतो. आमच्या घरच्या ग्रुपवर नाही, शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर मी टाकला होता. अक्का त्या ग्रुपमध्ये नाही. तिला कळायचा काही मार्गच नाही, त्या शेवटच्या वाक्याखेरीज.

तिनं पर्समधून पेन काढलं. मग एका चिठ्ठीवर त्या बाईंचा नंबर लिहून दिला आणि निघून गेली.

चिठ्ठी माझ्या खिशात आहे. मी अजून फोन केलेला नाही.