पाहुण्यांचं नेटवर्क

नेटवाल्याला जायचं होतं वरच्या मजल्यावर, बेल वाजवली हिच्या दाराची. खांद्यावर वायरचं भेंडोळं, काखेत शिडी... आणि दारात ही, ओल्या केसांनी.

"चुकून आलात, पण आलाच आहात तर बघा ना — आमचं नेट मागच्या खोलीत पोचतच नाही."

मागच्या खोलीत पाय मोडलेले बाबा पलंगावर होते. परदेशातल्या ताईला मुलगी झाली होती, पण फोनवर नातीचा चेहरा यायचा नुसता ठोकळ्या-ठोकळ्यांचा. बिचाऱ्यांनी बाळाचे डोळेही अजून धड पाहिले नव्हते.

"राउटर कुठाय?"

आईने किल्ली आणून लोखंडी कपाट उघडलं. चादरींच्या घड्यांमध्ये राउटर लुकलुकत होता. "जोखमीची वस्तू. उघड्यावर कशी ठेवायची?"

"बरोबर आहे, काकू," तो गंभीरपणे म्हणाला. "फक्त... कोंडलं की याची वाचा बसते."

दुसरा कुणी फिदीफिदी हसला असता. हा हसला नाही, आणि ही तिथेच भाळली. खोटं कशाला बोला!

चार संध्याकाळी तो येत राहिला. राउटर पॅसेजच्या भिंतीवर गेला, मागच्या खोलीत आणखी एक डबी बसली. नेटवर्क केली दोन — 'घरचे' आणि 'पाहुणे'.

"आल्यागेल्याला पाहुण्यांचा पासवर्ड द्या. घरचा कुणालाही नाही. मलासुद्धा." आणि ही टाइप करत असताना तो चक्क पाठ फिरवून उभा राहिला.

शेवटच्या दिवशी पडद्यावर नातीने लख्ख जांभई दिली. बाबा रडले. त्याचा हात धरून म्हणाले, "पोरा, तुझे उपकार कसे फेडू?"

काम संपलं होतं. आता तो कशाला येणार... ही त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेली.

"येतो," तो दारात म्हणाला.

"म्हणायची पद्धत म्हणून, की खरंच?"

तो शिडीशी चाळा करत राहिला. "आज घर खुशीत आहे. उपकारापोटी काही बोलू नका. मागाहून पस्तावाल."

"उपकार बाबांवर झाले, ते बघतील. माझं वेगळं आहे. मी तर आईने कपाट उघडलं तेव्हाच... फोन द्या इकडे."

त्याच्या फोनवरचं 'पाहुणे' तिने पुसलं आणि 'घरचे' उघडलं.

"अगं," मागून आई म्हणाली, "तो पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही ना?"

"कुणालाही कुठे देतेय, आई?"