अजून चिकट आहे

“गाडीला दाढी फुटली की वो!”

स्टिअरिंगवरचे हात तसेच ठेवून दाक्षायणीनं वर पाहिलं. दुकानाच्या पायरीवर एक तरुण उभा होता. हातात गादी टाचायची लांब सुई, कानामागं खडू, आणि ओठांत दाबूनही न मावणारं हसू...

राग यायला हवा होता. पण तो खरं तेच बोलत होता. निळ्या मोटारीचं काळं प्लास्टिक – स्टिअरिंग, समोरच्या घड्याळांभोवतीची चौकट, दारांवरच्या हात टेकायच्या पट्ट्या – सगळ्यावर पांढरी लव आली होती.

वीस वर्षांच्या उन्हानं ते प्लास्टिक राखेसारखं पांढुरकं झालं होतं. गाडी विकायची होती, मोहोळचं गिऱ्हाईक बघायला येणार होतं. म्हणून अप्पांनी, तिच्या वडिलांनी, सकाळीच त्यावर शेंगतेल चोळलं. तासभर सगळं नवं दिसलं. मग गिऱ्हाइकाला घेऊन गाडी यंत्रमागांच्या गल्लीतून गेली, काचा उघड्या होत्या, आणि हवेत उडणारा कापूस तेलावर येऊन बसला. वर गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या बाहीवर तेलाचा पट्टा! “पुढच्या शनिवारी येतो, तोवर नीट करून ठेवा,” एवढं बोलून तो गेला. अप्पा लाजेनं घराबाहेर पडेनात. गाडी घेऊन तीच आली.

“तुमी चालवत आलात?”

“दिसत नाही का?”

“दिसतंय की. म्हणून तर बघत ऱ्हायलो.”

त्याचं नाव रेवणसिद्ध. दुकान मोटारींच्या गाद्या शिवायचं आणि रंगकामाचं. आत त्याची आई, शिवबाई, शिलाई मशीनवर कव्हरं शिवत होती.

त्यानं पाण्यात बुडवलेला बारीक पॉलिश पेपर घेऊन पट्टीवर अंगठ्याएवढी जागा घासली. पांढरं निघालं, आणि खालून गच्च काळा रंग वर आला.

“वरचं तेवढं मेलंय. आत जितं हाय.”

“उन्हानं वरचाच थर मरतो,” ती पुढं झुकली. गेल्या वर्षीच ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. “पण घासल्यावर वर काय लावणार?”

“जवसाचं तेल. अगदी पातळ. ते वाळतं.”

“का वाळतं, माहीत आहे?”

“आमाला वाळतं एवढंच ठावं. तुमी सांगा.”

तिनं सांगितलं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याच्याशी बांधलं जातं आणि त्याची घट्ट साय धरते. शेंगतेल तसं बांधलं जात नाही, ते तेलच राहतं. तो सुई खाली ठेवून ऐकत होता. तिचं बोलणं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं... परीक्षकांनीसुद्धा.

“म्हंजे जवसाचं हवेशी लगीन लागतंय,” तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “आन् शेंगतेल बिनलग्नाचं ऱ्हातंय.”

दाक्षायणीनं घाईघाईनं वही उघडली. “मी रोज येऊन नोंद घेईन,” ती म्हणाली. कान गरम झाले होते.

रविवारी दोघांनी मिळून घासलं. ती एका दारातून, तो दुसऱ्या, मधे स्टिअरिंग. पेपर धरलेली बोटं दोनदा एकमेकांना लागली. पहिल्यांदा चुकून. सोमवारी तेलाचा हात फिरला. मंगळवारी तिनं बोट टेकवून पाहिलं आणि वहीत लिहिलं : चिकट.

बुधवारी तिनं बोट टेकवलं – कोरडं. ठणठणीत कोरडं.

बाहेर रेवणसिद्ध तिच्यासाठी बशीत चहा ओतत होता. वाळलं म्हटलं की गाडी घरी जाणार, आणि मग धान्याच्या व्यापाऱ्याच्या मुलीला या दुकानाची पायरी चढायला कारण काय उरणार?

“अजून चिकट आहे,” ती म्हणाली. तसंच लिहिलंही. आयुष्यातली पहिली खोटी नोंद!

गुरुवारी त्यानं विचारलं, “आजबी?”

“हो... हवा जरा दमट आहे.”

सोलापुरात, जानेवारीत, दमट हवा! दोघांचेही ओठ फुटले होते.

शुक्रवारी त्यानं उघड्या गादीतून कापसाचा पुंजका काढला, स्टिअरिंगवर ठेवला आणि हळूच फुंकर मारली. कापूस उडाला, आणि अलगद तिच्या केसांवर जाऊन बसला.

“बुधवारीबी असाच उडाला,” तो म्हणाला. “कालबी.”

तिला वर बघवेना. “मग... बोलला का नाहीत?”

“तुमी वहीत लिवलं हुतं. शिकल्याल्या माणसाला खोटं कसं म्हणायचं?”

“आणि अप्पा? त्यांनी विचारलं नाही?”

“काल आले हुते की दुकानात.” तो मान खाजवू लागला. “म्या म्हटलं... अजून चिकट हाय.”

दाक्षायणी हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग थांबली. काळंभोर प्लास्टिक उन्हात शांत चमकत होतं.

“उद्या गाडी जाणार,” ती म्हणाली.

“गाडी जाऊ द्या. रविवारी म्या येतो. अप्पांकडं... गाडीचं काय काम नसताना.” त्यानं एक श्वास घेतला. “येऊ का – दाक्षायणी?”

नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. आतलं शिलाई मशीन एकदम थांबलं.

तिनं वही उघडली. बुधवार आणि गुरुवारवर काट मारून स्वच्छ अक्षरात लिहिलं : कोरडं. मग खाली नवी ओळ टाकली आणि वही त्याच्याकडं फिरवली. त्यानं एकेक अक्षर वाचलं – रविवार, सकाळी दहा. अप्पा घरी असतात.

“दहा म्हंजे दहालाच?”

“पावणेदहाला आलात तरी चालेल,” ती म्हणाली. “फक्त... शेंगतेलाचा विषय काढायचा नाही.”

“आन् मला कुणी इचारलं का?” आतून शिवबाईचा आवाज आला. “मलाबी यायचं हाय की!”

“तुम्ही तर हव्यातच,” दाक्षायणी म्हणाली.

आतलं मशीन पुन्हा सुरू झालं... आधीपेक्षा जरा जोरातच.